डिसोझा : साष्टीतील एका आडनावाचा इतिहास

डिसोझा हे मुंबई उपनगरांतील कॅथलिक ख्रिस्ती समाजात सर्वत्र आढळणारे, मूळचे पोर्तुगीज आडनाव आहे. अंधेरीच्या आंबोली, चकाला, मरोळ आणि सहार या गावठाणांत, मालाडच्या ओर्लेमात, बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत, गोराई-मनोरीच्या किनाऱ्यावर आणि कुर्ला-मुलुंडच्या चाळी-इमारतींत ते सारखेच परिचित आहे. ते लावणारी कुटुंबे मात्र एका मूळपुरुषाची संतती नाहीत. त्यांत साष्टी बेटावरचे मूळचे कोळी, कुणबी, आगरी, भंडारी आणि वाडवळ आहेत. एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत आलेले गोमंतकीय आहेत आणि त्यांच्यामागून आलेले मंगळूरकरही आहेत. या सर्वांच्या पूर्वजांना हे आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाले. म्हणून त्याचा इतिहास एका घराण्याचा नसून धर्मांतराच्या एका रीतीचा आणि ती स्वीकारणाऱ्या अनेक समाजांचा आहे.

उगम

सोझा ही उत्तर पोर्तुगालमधील एक नदी आहे. ती दोरू नदीला मिळते आणि तिच्या खोऱ्याला सोझाची भूमी म्हणतात. अकराव्या शतकात या मुलखाचा सरदार एगास गोमेस याने आपल्या नावापुढे ‘दे सोझा’, म्हणजे सोझाचा, असे लावले. गावावरून आडनाव पडण्याची रीत मराठी मुलखातही आहे. नागपूरकर, सातारकर ही त्याचीच उदाहरणे. मात्र पोर्तुगालमध्ये ‘दे’ हा शब्द बहुधा जहागिरीचा निदर्शक होता. तेराव्या शतकात राजा तिसरा अफोन्सो याच्या अनौरस पुत्रांचे विवाह सोझा घराण्यातील स्त्रियांशी झाले आणि त्यांच्या वंशजांनी तेच आडनाव चालवले. राजरक्ताच्या या संबंधामुळे सोझा हे पोर्तुगालच्या अत्यंत प्रतिष्ठित सरदार घराण्यांपैकी एक ठरले. पुढे त्या घराण्याच्या आश्रयाने, सेवेने आणि बाप्तिस्म्याने ते सामान्य माणसांतही पसरले. आज ते पोर्तुगालमधील सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत गणले जाते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आरमारासोबत हे नाव समुद्रापार गेले. त्या पसाऱ्यात सर्वांत ठळक व्यक्ती मार्तिम अफोन्सो दे सोझा ही होय. त्याने १५३२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर साव व्हिसेंते ही वसाहत स्थापन केली आणि १५३४ मध्ये तो पोर्तुगीज आरमाराचा मुख्य सेनानी म्हणून हिंदुस्थानात आला. त्याच्यासोबत वैद्य म्हणून आलेल्या गार्सिया द ओर्टाने पुढे मुंबई बेट खंडाने घेतले आणि भारतीय औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मार्तिम अफोन्सो १५४२ ते १५४५ या काळात पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता. संत फ्रान्सिस झेवियर त्याच्याच ताफ्यासोबत निघाले आणि मे १५४२ मध्ये गोव्यात पोहोचले. बारदेश आणि गोव्यातील साष्टी हे महाल पोर्तुगिजांकडे आले तेही याच्याच कारकिर्दीत, १५४३ मध्ये. पश्चिम किनाऱ्यावर धर्मप्रसाराला वेग येत असताना सत्तेच्या शिखरावर असलेले आडनाव सोझा हे होते.

साष्टीत आगमन

आजच्या वांद्र्यापासून भाईंदरच्या खाडीपर्यंतच्या आणि पूर्वेला ठाणे खाडीपर्यंतच्या बेटाचे जुने नाव साष्टी. ते सहासष्ट गावांवरून पडले असे मानले जाते आणि गोव्यातील साष्टी महालाच्या नावामागेही हीच संख्या सांगितली जाते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सर्व उपनगरे मुंबईच्या साष्टीतली. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी केलेल्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांना दिला. साष्टी आणि मुंबईची बेटे त्यातच होती.

पुढील दोन शतके हा मुलूख वसईच्या कारभाराखाली राहिला. गावे पोर्तुगीज सरदारांना, सैनिकांना आणि धार्मिक संघांना ठराविक खंडावर दिली गेली. उत्तरेकडे प्रामुख्याने फ्रान्सिस्कन आणि वांद्र्याच्या बाजूला जेझुइट धर्मगुरूंनी काम केले. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या शैव लेण्यांच्या जागी फ्रान्सिस्कनांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास मठ, चर्च आणि धर्मांतरितांच्या मुलांसाठी विद्यालय उभारले. या कामात फादर आंतोनिओ दो पोर्तो याचा पुढाकार होता. मरोळजवळच्या कोंडिविटे परिसरात जेझुइटांनी १५७९ मध्ये संत जॉन बाप्तिस्त याच्या नावाने चर्च बांधले. त्याचे अवशेष आज अंधेरी पूर्वेच्या सीप्झ औद्योगिक क्षेत्राच्या आवारात उभे आहेत. मालाडच्या एरंगळ किनाऱ्यावरील संत बोनाव्हेंचर चर्चही सोळाव्या शतकातले असून जानेवारीतील त्याच्या सणाला आजही उपनगरांतून मोठी गर्दी लोटते.

या चर्चांभोवती ख्रिस्ती वस्त्या वाढल्या. धर्मांतरामागची कारणे एकसारखी नव्हती. काही ठिकाणी श्रद्धेचा आणि धर्मगुरूंच्या सेवेचा प्रभाव होता, काही ठिकाणी जमीन आणि नोकरी यांचे आकर्षण होते, तर काही ठिकाणी सत्तेचा दबाव आणि देवळांच्या पूजेवरील बंदी कारणीभूत होती. अनेकदा एखादी पाखाडी किंवा संपूर्ण जातसमूह एकाच वेळी बाप्तिस्मा घेई. त्यामुळे धर्म बदलला तरी शेजार, धंदा आणि सोयरीक यांची चौकट बरीचशी टिकून राहिली.

आडनाव मिळण्याची रीत

सोळाव्या शतकातील साष्टीच्या शेतकऱ्याला किंवा मच्छीमाराला आजच्या अर्थाने कायमचे आडनाव नव्हते. माणूस स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने, जातीने, गावाने किंवा एखाद्या टोपणनावाने ओळखला जाई. बाप्तिस्म्यात नव्या ख्रिस्ती माणसाला संताचे नाव मिळे आणि त्याच्या पुढे पोर्तुगीज आडनाव जोडले जाई. हे आडनाव बहुधा धर्मपित्याचे असे. बाप्तिस्म्याला उभा राहणारा हा धर्मपिता गावाचा खंडदार, किल्ल्यावरचा अंमलदार, सैनिक किंवा एखादा जुना ख्रिस्ती असे. काही वेळा बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचे आडनाव दिले जाई.

या रीतीचे दोन परिणाम झाले. एका दिवशी, एका धर्मपित्याच्या साक्षीने बाप्तिस्मा घेतलेल्या अनेक असंबद्ध कुटुंबांना एकच आडनाव मिळाले. उलट वेगवेगळ्या वेळी बाप्तिस्मा घेतलेल्या सख्ख्या भावांना दोन वेगळी आडनावे मिळू शकत. म्हणूनच एकाच गावठाणात, एकाच जातीतून आलेल्या लोकांत डिसोझा, परेरा, फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस, मिस्किटा आणि डिमेलो ही आडनावे शेजारीशेजारी आढळतात, आणि त्याच वेळी कोळ्यांतला डिसोझा आणि वाडवळांतला डिसोझा यांच्यात रक्ताचे कोणतेही नाते नसते.

मराठी समाजात याला जवळचे उदाहरण पाटील या आडनावाचे आहे. पाटील हे वतनाचे नाव असल्याने ते मराठ्यांत, आगऱ्यांत, कोळ्यांत, जैनांत आणि मुसलमानांतही आढळते. त्यावरून कुळ सांगता येत नाही. जगात याहून ठळक उदाहरण व्हिएतनाममधील न्गुयेन या आडनावाचे आहे. तेथे पाच माणसांत साधारण दोघांचे आडनाव न्गुयेन असते. १२३२ मध्ये सत्तेवर असलेल्या त्रान घराण्याने पूर्वीच्या ली राजवंशाच्या लोकांना न्गुयेन हे नाव घ्यायला लावले आणि १८०२ ते १९४५ या काळात राज्य केलेल्या न्गुयेन राजवंशामुळे त्याचा प्रसार आणखी वाढला. सत्ताधाऱ्यांच्या इच्छेने किंवा त्यांच्या नावाच्या वजनाने एखादे आडनाव परक्या कुळांत रुजते, हे दोन्ही ठिकाणी दिसते. फरक इतकाच की व्हिएतनाममध्ये हे राजसत्तेच्या हुकमाने आणि प्रतिष्ठेने झाले, तर साष्टीत ते चर्चमधील एका संस्काराने झाले.

आडनावावरून गोत किंवा देवक ओळखता येत नसल्याने डिसोझा वधू आणि डिसोझा वर यांचा विवाह ख्रिस्ती समाजात वावगा मानला जात नाही. कॅथलिक धर्मनियम पाहतो तो रक्तसंबंध. सध्याच्या संहितेप्रमाणे चौथ्या पायरीपर्यंतच्या भावकीत विवाहाला मनाई आहे, समान आडनावाला नाही. हिंदू मराठी समाजात एक आडनाव आणि एक कुळ दिसले की सोयरीक थांबते. उपनगरातील ख्रिस्ती घरात त्याऐवजी आजा-पणजांची नावे, गाव आणि पाखाडी यांची चौकशी होते.

पोर्तुगीज गेल्यानंतर

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज अंमलदार, जमीनदार आणि बहुतेक युरोपीय धर्मगुरू निघून गेले. स्थानिक ख्रिस्ती मात्र आपल्या शेतांवर आणि होड्यांवर राहिले. त्यांची धर्मसेवा देशी धर्मगुरूंकडे आली. आडनावे देणारी सत्ता गेली तरी आडनावे टिकली, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना आहे. तोपर्यंत डिसोझा हे परक्या सरदाराचे नाव राहिले नव्हते. चार-पाच पिढ्यांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींनी ते घरचे झाले होते.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा पक्का झाला. इंग्रजी कचेऱ्यांत आडनावांचे लेखन बदलले. पोर्तुगीज भाषेत ‘दे’ सुटे लिहिले जाई. इंग्रजी लिखाणात ‘डी’ अक्षरापुढे वरचे स्वल्पविराम-चिन्ह देऊन ते सोझाला जोडण्याची पद्धत पडली आणि त्यातून डिसोझा हा उच्चार रूढ झाला. पहिली नावेही बदलली. पेद्रूचा पीटर आणि जुवांवचा जॉन झाला. पोर्तुगालमध्ये आधुनिक लेखनात ‘सोझा’ हा शब्द ‘एस’ने लिहिला जातो, तर भारतात आणि ब्राझीलमध्ये ‘झेड’ने लिहिलेले रूप मोठ्या प्रमाणावर टिकले. देवनागरीत डिसोझा, डिसोजा, डिसूझा आणि दे सोझा अशी रूपे आढळतात. वसईकडे डिसोजा हे रूप विशेष चालते आणि कोकणी बोलीत सोज असे आटोपशीर रूप ऐकू येते. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा आणि पारपत्र यांवर एकाच माणसाचे आडनाव वेगवेगळे लिहिले गेल्याने प्रतिज्ञापत्र करावे लागणे हा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे.

तीन प्रवाह

साष्टीचे मूळचे ख्रिस्ती हा पहिला प्रवाह. एकोणिसाव्या शतकात गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी ख्रिस्ती लोक मुंबईत येऊ लागले. तिघांचीही आडनावे सारखी असल्याने सरकारी कचेरीत त्यांना वेगळे ओळखणे कठीण झाले. मुंबई, साष्टी आणि वसईचे ख्रिस्ती तर इंग्रजांचे जुने प्रजाजन होते आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत आधीपासून होते. आपली वेगळी ओळख सांगण्यासाठी त्यांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. एका समाजाला स्वतःसाठी नवे सामूहिक नाव शोधावे लागले याचे एक मोठे कारण त्याची आडनावे त्याला शेजाऱ्यांपासून वेगळे काढू शकत नव्हती, हे होते. ईस्ट इंडियन डिसोझांची घरची बोली मराठीची आहे. लग्नातले उंबराचे पाणी, ऑक्टोबरातला नव्या भाताचा आगेरा, स्त्रियांचे लुगडे आणि घरचा बाटली मसाला यांत कोकणी किनाऱ्याचा जुना संसार दिसतो.

दुसरा प्रवाह गोमंतकीयांचा. गोव्यात १५१० पासून पोर्तुगीज सत्ता होती आणि बारदेश-साष्टीत धर्मांतर गावाच्या आणि गावकरीतील वांगडांच्या, म्हणजे कुळगटांच्या, पातळीवर झाले. त्यामुळे तेथे काही गावांत एखाद्या वांगडाचे एकच आडनाव आढळते. १८८० च्या दशकात मुरगावपासून रेल्वे सुरू झाली आणि ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या जाळ्याला जोडली गेल्यावर मुंबईचा रस्ता सोपा झाला. जहाजावरचे खलाशी, आचारी, वादक, कारकून आणि शिक्षक म्हणून आलेले गोमंतकीय प्रथम धोबी तलाव, माझगाव, गिरगाव भागांत आणि गावागावांच्या कुडांत, म्हणजे सामुदायिक निवासांत, राहिले. कुटुंबे स्थिरावल्यावर त्यांनी उपनगरे धरली.

तिसरा प्रवाह मंगळूरकरांचा. सोळाव्या ते अठराव्या शतकांत गोव्यातून दक्षिण कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपली पोर्तुगीज आडनावे सोबत नेली. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने या समाजाला बंदिवान करून श्रीरंगपट्टणला नेले आणि १७९९ मध्ये त्याच्या पाडावानंतर वाचलेले लोक परतले. या समाजातील काही घराण्यांत प्रभू, कामत, पै, शेट ही धर्मांतरापूर्वीची कुळनावे अजून स्मरणात आहेत, त्यामुळे आपला डिसोझा कोणत्या कुळातला हे तेथे काही ठिकाणी सांगता येते. विसाव्या शतकात, विशेषतः स्वातंत्र्यानंतर, मंगळूरकर मोठ्या संख्येने मुंबईत आले आणि त्यांतील बहुतेकांनी उपनगरांत घर केले.

उपनगरांतील आजचा प्रसार

साष्टी पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. या वाढीने डिसोझा आडनावाच्या लोकांचा भूगोलही बदलला.

पश्चिम उपनगरांत जुने आणि नवे असे दोन थर दिसतात. आंबोली, गुंदवली, चकाला, मरोळ, कोंडिविटे, सहार, विलेपार्ले येथील गावठाणांत ईस्ट इंडियन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. मरोळ भागात १८४० च्या सुमारास साथीमुळे कोंडिविट्याची जुनी वस्ती उठली आणि चर्चही हलवावे लागले. विमानतळ, सीप्झ आणि मरोळची औद्योगिक वसाहत यांसाठी विसाव्या शतकात या गावांच्या शेतजमिनी गेल्या आणि शेतकरी डिसोझा नोकरदार किंवा घरमालक झाले. त्यांच्या भोवती गोमंतकीय आणि मंगळूरकर डिसोझांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. बोरिवलीत मंडपेश्वरजवळच्या इम्मॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवरून आय. सी. कॉलनी हे नाव पडले. तेथे तिन्ही प्रवाहांचे डिसोझा एकाच चर्चचे सभासद आहेत. गोराई, मनोरी, एरंगळ आणि मढ येथे कोळी आणि शेतकरी ख्रिस्ती वस्ती जुनी आहे.

पूर्व उपनगरांत चित्र वेगळे आहे. कुर्ला, पवई, कांजूर, भांडुप या पट्ट्यात पोर्तुगीज काळापासूनच्या ख्रिस्ती वस्त्यांच्या खुणा आहेत. मात्र घाटकोपर आणि मुलुंड ही उपनगरे मुख्यतः रेल्वे, गृहरचना आणि कारखाने यांमुळे विसाव्या शतकात वाढली. तेथील बहुतेक डिसोझा नोकरीनिमित्त आलेल्या गोमंतकीय आणि मंगळूरकर कुटुंबांतील आहेत.

भारताची जनगणना आडनावांची मोजणी प्रसिद्ध करीत नाही, त्यामुळे या प्रसाराचे चित्र चर्चच्या नोंदी, मतदारयाद्या आणि वस्त्यांचा इतिहास यांवरूनच उभे करावे लागते. सार्वजनिक जीवनातील नावेही त्याची साक्ष देतात. बारदेशातील साळगाव येथे जन्मलेले आणि मुंबईत घडलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४–२००२) हे १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांपैकी होते. पुण्यात जन्मलेल्या कवयित्री युनिस डिसोझा (१९४०–२०१७) मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इंग्रजीच्या विभागप्रमुख होत्या. अडॉल्फ डिसोझा २००७ मध्ये जुहूतून नागरिकांचे उमेदवार म्हणून मुंबई महापालिकेवर निवडून आले. १९८७ मध्ये मुंबईत मंगळूरकर कुटुंबात जन्मलेल्या अभिनेत्री जिनिलिया डिसोझा ‘वेड’ या मराठी चित्रपटामुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचल्या. यांत सोझा आणि डिसोझा अशी वेगळी रूपे आहेत आणि इंग्रजी लेखनही सर्वांचे सारखे नाही; मूळ आडनाव एकच.

समुद्रापारचे भाऊबंद

साष्टीत घडलेली प्रक्रिया जगात अन्यत्रही घडली. ब्राझीलमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आदिवासींना आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांना धर्मपित्यांची किंवा मालकांची आडनावे मिळाली आणि आज सिल्वा, सांतोस, ऑलिव्हेरा यांच्या बरोबरीने सोझा हे तेथील अतिशय मोठ्या संख्येचे आडनाव आहे. श्रीलंकेतील सिंहली समाजात सोइसा आणि झोइसा ही त्याचीच रूपे असून एकोणिसाव्या शतकातील दानशूर उद्योजक चार्ल्स हेन्री डी सोइसा हे त्या नावाचे तेथील सर्वांत प्रसिद्ध धारक होत. एकोणिसाव्या शतकापासून गोमंतकीयांमुळे ते पूर्व आफ्रिका आणि कराचीत पोहोचले. १९७० नंतर उपनगरांतील कुटुंबे आखाती देशांत, पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये गेली, तेव्हा मुंबईचे डिसोझाही तेथे गेले.

घराण्याचा शोध

एखाद्या डिसोझा कुटुंबाचे मूळ शोधायचे तर आडनाव हा शेवटचा पुरावा ठरतो. पहिला पुरावा गाव आणि धर्मग्राम यांचा. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्यांत आईवडील, धर्मपिता, धर्ममाता आणि गाव लिहिलेले असते आणि त्या साखळीने मागे जाता येते. दुसरा पुरावा घराण्याच्या टोपणनावाचा. एकाच गावठाणात अनेक डिसोझा असल्याने घरे धंद्यावरून, जागेवरून किंवा एखाद्या पूर्वजाच्या नावावरून ओळखली जातात आणि ही नावे अनेकदा लेखी आडनावापेक्षा अधिक नेमकी असतात. तिसरा पुरावा जमिनीच्या कागदांचा आणि चौथा बोलीचा. घरात मराठीची ईस्ट इंडियन बोली, गोव्याची कोकणी की मंगळुरी कोकणी बोलली जाई, यावरून प्रवाह कळतो.

गावठाणांची घरे पाडून इमारती उभ्या राहत असताना टोपणनावे आणि बोली यांची आठवण सर्वांत आधी नाहीशी होते. जुन्या माणसांकडून ती वेळीच लिहून घेतली आणि चर्चच्या जुन्या नोंदवह्या नीट जतन केल्या, तर सोझा नदीच्या नावाने वावरणाऱ्या या कोळी, कुणबी, आगरी, भंडारी आणि वाडवळ कुटुंबांना आपापल्या पूर्वजांपर्यंत पोहोचता येईल. साष्टीचा इतिहास राजे आणि किल्ल्यांच्या पलीकडे जाऊन तेथे राहिलेल्या माणसांचा म्हणून लिहायचा असेल, तर त्याचे मोठे साधन याच नोंदी आहेत.